बेलोऱ्याच्या नवोदयची तयारी: पाचवीतल्या लेकरांच्या आईबापांसाठी

पहिलीत प्रवेश देताना मुलाची परीक्षा घेण्याचा अधिकार खासगी शाळेला नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा गावांत दर उन्हाळ्यात पाच-सहा वर्षांच्या लेकरांना रंगांची आणि फळांची इंग्रजी नावं घोकायला लावली जातात आणि आईबापही ‘इंटरव्ह्यू’च्या धास्तीने रात्रभर जागे राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सरळ सांगतं की प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकांना कोणतीही चाळणी लावायची नाही आणि देणगी घ्यायची नाही. चाळणी लावली तर शाळेला पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून बाहेर आहेत, एवढा अपवाद लक्षात ठेवा. बाकी कुणी चाचणीत ‘नापास’ म्हणून पहिलीच्या लेकराला परत पाठवलं, तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. वंचित आणि दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागांची तर ऑनलाइन सोडत निघते. तिथे परीक्षेचा प्रश्नच येत नाही.

मनापासून तयारी करावी अशी प्रवेश परीक्षा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांसमोर येते ती पाचवीत. घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावी ते बारावी, सीबीएसईचा अभ्यासक्रम, राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश सगळं सरकारी खर्चाने. नववीपासून काही मुलांकडून विद्यालय विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली मुलं यांना तोही माफ आहे. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, त्यातलं एक हरियाणात झज्जरला होतं आणि दुसरं आपल्या शेजारच्या अमरावतीत. खेड्यातल्या हुशार मुलाला घरच्या परिस्थितीमुळे चांगल्या शिक्षणाला मुकावं लागू नये, हा या शाळांमागचा हेतू होता, आणि तीन-चार एकर कोरडवाहू वावर असलेल्या घरासाठी तो आजही तितकाच खरा आहे. म्हणून हा लेख मुख्यतः नवोदयच्या परीक्षेबद्दल.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ही परीक्षा पाचवीच्या मुलाला जे यायला हवं तेवढंच विचारते. त्यापलीकडे दोन गोष्टींची सवय लागते, आकृत्यांची आणि गोल रंगवण्याची. हे सगळं गावातल्या झेडपीच्या शाळेत शिकून आणि रोज घरी तास-पाऊण तास बसून साधतं. त्यासाठी आठ-नऊ वर्षांच्या लेकराला तिसरीपासूनच घरापासून तोडून कुठल्या निवासी क्लासमध्ये ठेवण्याची काहीही गरज नाही. उलट त्यात नुकसान आहे, आणि ते कसं, ते आता अर्जाच्या अटींमध्येच दिसेल.

अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला एक रुपयाही शुल्क नाही. अलीकडे अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. परीक्षेची तारीख मात्र सरकलेली आहे: पूर्वी ती जानेवारीत असायची, २०२५ मध्ये ती १३ डिसेंबरला झाली. तेव्हा ‘जानेवारीला अजून वेळ आहे’ या हिशेबावर राहू नका, दरवर्षीची सूचना नीट वाचा. नेट कॅफेत गर्दी असेल, मोबाइलवर जमत नसेल, तर प्रत्येक नवोदय विद्यालयात अर्ज भरून देण्यासाठी मोफत मदत कक्ष असतो. मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकांची सही, आधार किंवा रहिवासी दाखला, आणि मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात भरून दिलेलं अभ्यास प्रमाणपत्र एवढी जुळवाजुळव लागते. मुलाची सही हा अनेक घरांत पहिला अडथळा ठरतो. लेकराने कधी सही केलेलीच नसते आणि बाप घाईत त्याच्या जागी स्वतः करतो. तसं करू नका. जून लागताच मुलाला स्वतःचं नाव मराठीत एकसारखं लिहायला लावा, आणि तीच सही पुढे सगळीकडे ठेवा.

अटी काळजीपूर्वक वाचा, कारण निवड होऊन कागदपत्रांच्या तपासणीत मूल बाद होणं ही नापास होण्यापेक्षा जास्त दुःखाची गोष्ट आहे. मूल त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असलं पाहिजे आणि घरही जिल्ह्यातच असलं पाहिजे. वयाची मर्यादा जन्मतारखांनी ठरवून दिलेली असते, ती शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेशी ताडून पाहा. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत पुन्हा बसून दुसरी संधी मिळत नाही. विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि एकूण जागांत किमान एक तृतीयांश मुली. ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं असेल, तरी ते शहरी धरलं जातं.

या अटीमुळे आपल्या जिल्ह्यात दोन घोटाळे होतात. पहिला नकळत होणारा आहे. राळेगाव, कळंब, बाभुळगाव, मारेगाव, महागाव, झरी जामणी ही गावं आता नगरपंचायती आहेत. तिथल्या पालकांना आपण खेड्यातच राहतो असं वाटत असतं, पण शासनाच्या अधिसूचनेने शहरी ठरलेला भाग नवोदयच्या हिशेबात शहरीच. अर्जात ‘ग्रामीण’ लिहिण्याआधी मुख्याध्यापकांकडून हे तपासून घ्या. दुसरा घोटाळा जाणूनबुजून केलेला असतो: नाव गावच्या शाळेच्या पटावर आणि लेकरू प्रत्यक्षात शहरातल्या क्लासच्या वसतिगृहात. हा खोटेपणा कधीही उघडा पडू शकतो आणि मग प्रवेश रद्द होतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या शाळेत सहा तास बसून भाषा आणि गणित पक्कं व्हायला हवं होतं, ती शाळाच त्या मुलाने पाहिलेली नसते. अर्जात चूक झालीच तर मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात. त्यात मुलगा-मुलगी, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं. माध्यम निवडताना मूल ज्या भाषेत शिकतं तेच निवडा. मराठी शाळेतल्या मुलासाठी ‘इंग्रजी बरं दिसतं’ म्हणून इंग्रजी निवडलेले अर्ज असतात, आणि त्याची किंमत लेकराला मोजावी लागते.

आता परीक्षेकडे येऊ. वेळ दोन तास, प्रश्न ८०, गुण १००. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना, भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण आणि चुकीच्या उत्तराला वजावट नाही. दिव्यांग मुलांना ४० मिनिटं जास्त मिळतात. तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे पात्र व्हावं लागतं, त्यामुळे आकृत्या भरभर सुटतात म्हणून गणित सोडून दिलं, असं चालत नाही.

सगळ्यात जास्त भीती पालकांना मानसिक क्षमतेची असते, आणि खरं तर तीच सगळ्यात लवकर सुधारते. हा विभाग पूर्णपणे आकृत्यांचा आहे, त्यात वाचायला जवळजवळ काही नसतं. वेगळी आकृती ओळखा, सारखी आकृती शोधा, अपुरा नमुना पूर्ण करा, आकृत्यांची मालिका पुढे न्या, आकृत्यांमधला संबंध ओळखा, चौकोन-त्रिकोण-वर्तुळ पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, तुकडे जोडून कोणती आकृती होईल, आणि मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. हे दहा प्रकार. पुस्तकातल्या छापील आकृतीकडे मूल नुसतं पाहत बसलं तर त्याला काही उमगत नाही. हाताने करून पाहिलं की उमगतं. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांचा जाड कागद चौकोनी कापा. एक घडी घाला, मग आडवी दुसरी घडी घाला, कोपऱ्यावर कात्रीने एक छोटा त्रिकोण कापा, आणि उलगडण्याआधी मुलाला विचारा की छिद्रं किती पडतील आणि कुठे पडतील. त्याने वहीत आधी काढावं, मग कागद उलगडून ताडून पाहावं. सुरुवातीला बहुतेक मुलं छिद्रांची संख्या बरोबर सांगतात पण त्रिकोणाचं तोंड कुठल्या बाजूला हे चुकतात. म्हणजे त्यांना घडी कळली आहे, उलटणं कळलेलं नाही. तिथेच थांबून तेच चार-पाच वेळा करून घ्या. आरशातल्या प्रतिमेसाठी घरातला दाढीचा आरसा पुरतो. त्याच्यासमोर आधी अक्षर धरा, मग घड्याळ, मग बाण. लपलेल्या आकृतीसाठी मुलाला बोटाने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने रेघ गिरवत शोधायला शिकवा, कारण नुसत्या डोळ्यांनी ती हरवते. ही सगळी तयारी दोन महिन्यांत चांगली होते. पुढे रोज दहा-बारा आकृत्या सोडवल्या की हात बसतो.

अंकगणित मात्र दोन महिन्यांत होत नाही. अभ्यासक्रम तोच आहे जो पाचवीपर्यंत शाळेत येतो: संख्या आणि स्थानिक किंमत, चार मूलभूत क्रिया, विभाजक आणि विभाज्य, अपूर्णांक आणि दशांश, लांबी-वजन-धारकता-वेळ-पैसा, सरळरूप, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ, कोन, आणि आलेखातली माहिती वाचणं. पण यातलं दशांश अपूर्णांकांचं दुखणं एवढं सर्वसाधारण आहे की त्यावर थोडं थांबतो. पोराला हा प्रश्न घाला: एका गाठोड्यात १८.७५ किलो कापूस आहे, तर अशा चार गाठोड्यांत किती? उत्तर ७५ किलो. पण निम्मी-अर्धी मुलं १८.७५ म्हणजे १८ किलो ७५ ग्रॅम असं समजून ७२ किलो ३०० ग्रॅम उत्तर देतात. पर्यायांमध्ये तेही उत्तर मांडलेलं असतं, कारण ही चूक कुठे होते ते प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असतं. ०.७५ किलो म्हणजे ७५० ग्रॅम, ०.०७५ किलो म्हणजे ७५ ग्रॅम. हे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मुलाला डोळ्यांनी दाखवा. पाव किलो साखर मोजताना काट्यावर ०.२५० दिसतं. अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा किलो दशांशात कसे येतात हे एकदा असं दिसलं की ते विसरत नाही. वर्गात फळ्यावर दहा वेळा सांगूनही जे राहत नाही, ते तिथे राहतं.

लसावि-मसावितही मुलं नियम पाठ करतात आणि प्रश्न ओळखू शकत नाहीत. यवतमाळच्या बसस्थानकावरून एका गावाची एसटी दर ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या गावाची दर ४५ मिनिटांनी सुटते, सकाळी ७ वाजता दोन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? लसावि ९० मिनिटं, म्हणजे साडेआठ. ‘पुन्हा एकत्र कधी’ असं विचारलं की लसावि, ‘जास्तीत जास्त मोठे सारखे भाग’ असं विचारलं की मसावि, ही ओळख आधी पक्की करा, मग गणितं सोडवायला द्या. पाढे ३० पर्यंत पाठ हवेतच. ३० मिनिटांत २० गणितं करायची वेळ येते तेव्हा पाढे आठवत बसायला वेळ नसतो. आणि कच्चं काम प्रश्नपत्रिकेच्या मोकळ्या जागेत, नीट, ओळीने करण्याची सवय लावा. कोपऱ्यात कसंही लिहिलेला ६ पुढच्या ओळीत शून्य होतो.

भाषेच्या विभागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मराठीच तर आहे, येतंच की, असं वाटतं. इथे चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात, आणि मुलाला वाचलेलं कळतं का एवढंच पाहायचं असतं. गुण इथेच जातात, कारण मूल उताऱ्यातला शब्द शोधतं, अर्थ शोधत नाही. उदाहरणार्थ हा छोटा उतारा घ्या: ‘आजीने कोठीतली ज्वारी अंगणात चादरींवर घातली. दुपारी पश्चिमेकडे काळे ढग दिसताच तिने नातवाला हाक मारली. दोघांनी मिळून चादरी गुंडाळल्या.’ ज्वारी कुठे घातली, हे सगळी मुलं सांगतात. आजीने नातवाला हाक का मारली, या प्रश्नावर मात्र कित्येक मुलं ‘ढग दाखवायला’ हा पर्याय निवडतात. पाऊस हा शब्द उताऱ्यात नाहीच ना! धान्य भिजू नये म्हणून, हे उत्तर उताऱ्याच्या बाहेर जाऊन, घरचा अनुभव आठवून द्यावं लागतं. ही सवय गाइड वाचून लागत नाही, रोज काहीतरी वाचून आणि वाचल्यावर ‘का’ विचारून लागते.

वाचायला काय द्यायचं, असा प्रश्न खेड्यातले पालक विचारतात. शाळेच्या कपाटात पुस्तकं असतात, गुरुजींकडे मागा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. घरात एकच मोबाइल असला तरी रात्री अर्धा तास तो मुलाच्या वाचनासाठी ठेवता येईल. वर्तमानपत्रातली एक बातमी रोज मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा आयांनीही हे जरूर करावं. लेकराने वाचून दाखवायचं आणि आईने विचारायचं, मग पुढे काय झालं, त्याने असं का केलं? आईला गोष्ट समजेल अशी सांगता आली, तर उतारा कळला.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. पुसद, दिग्रस, महागाव, दारव्ह्याकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजीच्या पोडांवर कोलामी. कुठे गोंडी. या मुलांना उताऱ्यातली पुस्तकी मराठी आणखी परकी वाटते, आणि मग काही जण घरच्यांना सांगतात की लेकराशी फक्त मराठीत बोला. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मुलाने उतारा मराठीत वाचावा आणि त्याचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत सांगावा. त्यात अर्थ पक्का होतो, आणि अर्थ पक्का झाला की मराठी शब्द त्याच्याजवळ येऊन बसतो. न कळलेल्या शब्दांची एक वही ठेवा, त्यात मराठी शब्दासमोर घरचा शब्द लिहायचा. मोठ्या बहिणीने किंवा गावातल्या बारावी झालेल्या पोरीने संध्याकाळी चार मुलांना घेऊन असं वाचन घेतलं, तर ते कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं.

वर्षाचा हिशेब शेतीच्या हिशेबाशी जुळवावा लागतो, नाहीतर तो टिकत नाही. जून-जुलैत पेरणीच्या धामधुमीत अर्ज आणि पाढे. ऑगस्ट-सप्टेंबर, पोळ्याच्या आगेमागे, थोडी उसंत असते; अपूर्णांक आणि दशांश तेव्हाच उरका. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी. परीक्षा डिसेंबरात आली तर ती ऐन वेचणीत येते, घरचं प्रत्येक माणूस वावरात असतं आणि लेकरूही सोबत जातं. जाऊ द्या, पण शाळा बुडवून नको, आणि सकाळचा तास अभ्यासाला ठेवा. संध्याकाळी वावरातून दमून आलेल्या पोरासमोर प्रश्नपत्रिका ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी वीज नसेल तर उजाडल्यावर बसवा.

दिवाळीनंतर आठवड्यातून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. सकाळी साडेअकरा ते दीड, परीक्षेच्याच वेळेला, मधे न उठता. जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात. तपासून झाल्यावर गुण लिहून सोडून देऊ नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवून घ्या आणि बाजूला कारण लिहा: वाचलंच नाही, पाढा चुकला, प्रकार कळला नाही, की गोल चुकीच्या ओळीत रंगला. महिन्याभरात त्या वहीतून दिसतं की लेकराचं दुखणं नेमकं कुठे आहे. बऱ्याचदा ते गणितात नसतं, घाईत असतं.

गोल रंगवण्याचा सराव स्वतंत्र करा. ओएमआर शीटवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच गोल भरायचा, पेन्सिल चालत नाही, आणि एकदा भरलेलं उत्तर बदलता येत नाही. गावच्या मुलाने असा कागद परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला, तर तो बावचळतो. कोऱ्या शीटच्या झेरॉक्स काढा, दोन-दोन रुपयांत होतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरलं की लगेच गोल भरायचा, क्रमांक बोटाने दाबून धरायचा. ‘शेवटी सगळे एकदम भरतो’ म्हणणारी मुलं शेवटी घाबरतात. एक प्रश्न सोडला तर शीटवरही ती ओळ सोडायची, इथे एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात. शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेले सगळे गोल भरून टाकायचे, कारण चुकीला वजावट नाही.

क्लासविषयी विचाराल तर गावात किंवा तालुक्याला तासाभराचा चांगला क्लास असेल आणि तो मुलाच्या शाळेच्या आड येत नसेल, तर लावायला हरकत नाही. शिक्षक चुकलेलं गणित पुन्हा समजावतात की नुसते पेपरवर पेपर घेतात, हे एक दिवस बसून पाहा. ‘निवडीची हमी’ असं लिहिलेल्या फलकापासून दूर राहा. आणि कुणी ‘वरून काम करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. निवड परीक्षेतल्या गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर होते. असे पैसे घेणारा माणूस निकाल लागल्यावर फोन उचलत नाही.

परीक्षेच्या दिवशीचं फार थोडं सांगायचंय. प्रवेशपत्र दोन प्रती काढून ठेवा. केंद्र आदल्या आठवड्यात एकदा पाहून या, आणि पहिल्या एसटीवर विसंबून राहू नका, ती चुकली तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. थंडी असते, अंगात स्वेटर हवा. पोटभर खाऊ घाला, पण रोजचंच. दोन बॉलपेनं चालवून पाहून द्या. बाहेर आल्यावर ‘किती सुटले?’ हा पहिला प्रश्न विचारू नका, भूक लागलीय का ते विचारा.

निवड झाली तर पुढच्या दोन गोष्टी मुलाला आधीच सांगा. आठवीपर्यंत शिकणं मुख्यतः मराठीत असतं, नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत येतं. आणि नववीत वर्गातल्या सुमारे ३० टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जावं लागतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण ऐनवेळी कळलं तर आई रडते आणि लेकरू अडतं.

नवोदयबरोबर सैनिक शाळेचा विचारही सहावीसाठी करता येतो. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, चंद्रपूरची २०१९ ची, आणि आपल्याला चंद्रपूर जवळ. मुलींनाही आता तिथे प्रवेश आहे. परीक्षा मराठीतही देता येते, पण पेपर वेगळा आहे: १५० मिनिटांत १२५ प्रश्न, एकूण ३०० गुण, त्यातले निम्मे गणिताला, उरलेले बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांना सारखे. वैद्यकीय तपासणी होते आणि फीही बरीच आहे, शिष्यवृत्तीची माहिती आधी काढा. आदिवासी कुटुंबांनी पांढरकवडा किंवा पुसदच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात नामांकित शाळा योजना आणि एकलव्य निवासी शाळा यांची चौकशी जरूर करावी.

आणि निवड झाली नाही तर? ८० जागांसाठी जिल्हाभरातली मुलं बसतात, बहुतेकांची निवड होणार नाही हे साधं गणित आहे. प्रतीक्षा यादीही लागते, तिच्यावर लक्ष ठेवा. केलेला अभ्यास शिष्यवृत्ती परीक्षेलाही उपयोगी पडतो, तिथेही गणित, भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी आहेच. पुढे आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा येते: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि सातवीत ५५ टक्के गुण असतील, तर बसता येतं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना गुणांत सवलत आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. बेलोऱ्याचं दारही सहावीनंतर बंद होत नाही. नववी आणि अकरावीत ज्या जागा रिकाम्या होतात, त्या पुन्हा परीक्षा घेऊन भरल्या जातात. नववीच्या परीक्षेत इंग्रजी, हिंदी, गणित आणि विज्ञान विचारतात, आणि तिचा अर्ज मूल आठवीत असताना भरायचा असतो.